ओठांवरून ऐकलेलं गाणं

आमच्या ह्यांना कमी ऐकू येतं हे नगरजवळच्या नागापुरातल्या आमच्या सगळ्या गल्लीला माहीत होतं. एकट्या ह्यांनाच माहीत नव्हतं. एमआयडीसीत, प्रेस शॉपमध्ये, पत्र्यावर धाडधाड पडणाऱ्या मशिनींत ह्यांची तीस वर्षं गेली आणि कानांचं व्हायचं ते झालं. डॉक्टरांनी कागदावर आलेख काढून दाखवला. वरचे, बारीक आवाज गेलेत, कानाला मशीन लावा म्हणाले. मशीन आणलं आणि ते डबीसकट कपाटात गेलं. घरी ह्यांचं एकच पालुपद असायचं, की तू तोंडातल्या तोंडात बोलतीस. मी राहुरीच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर घसा फोडला. माझे पाढे शाळेबाहेर रस्त्यावर ऐकू जायचे. आणि मी म्हणे तोंडातल्या तोंडात बोलते!

बाहेर मात्र ह्यांचं निभून जायचं. प्रेस शॉपमध्ये कुणालाच कुणाचं ऐकू येत नसे, त्यामुळे तिथली सगळी माणसं एकमेकांचे ओठ वाचत. त्यात हे इतके तरबेज, की समोरून बोलणाऱ्याला शंकाही यायची नाही. पाठमोरं कुणी बोललं की नुसती मान हलवायचे. लग्न नवीन होतं तेव्हा भरल्या घरात, सासू-सासऱ्यांसमोर, हे लांबून आवाज न काढता ओठांनीच माझ्याशी बोलायचे आणि मी पदर तोंडाशी धरून हसायचे. तेव्हा त्याची गंमत होती. आता हे त्याच ओठ वाचण्याच्या आड लपत होते आणि मला त्याचा राग यायचा. मी आठवड्याभरातलं मनातलं काही सांगावं आणि ह्यांनी 'व्हय व्हय' करून मान हलवावी. घरात दोघं असून मला फार एकटं वाटायचं.

ह्यांना वेड म्हणावं तर एकच, एका विलायती बँडचं. पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या घरातलं हे पोर आयटीआय करायला नगरला आलं. गावच्या भजनाचं रेकॉर्डिंग करायचं म्हणून बाजारातून एक कॅसेट घेतली, कोरी समजून. लावून बघितली तर आत ढोल, गिटारी आणि कुणीतरी केसाळ माणूस जीव तोडून गातोय. भजन राहूनच गेलं. ह्यांनी त्या गाण्यांचे शब्द नुसत्या आवाजावरून पाठ केले. अर्थ विचारला की म्हणायचे, अर्थाला काय करायचंय. त्यात एक संथ गाणं होतं, नुसती गिटार आणि गळा. शेवटाकडे तो गाणारा आवाज असा वर चढवायचा की हे डोळे मिटून घ्यायचे आणि मी भाजी परतायची थांबायचे. मला आवडतं असं मात्र मी कधी कबूल केलं नाही.

तोच बँड, सगळे आता सत्तरीच्या पुढचे, मुंबईकडे येणार असं कळलं. आमची मुलगी कल्याणला असते. तिने फोनवर तासन् तास रांग लावून दोन तिकिटं मिळवली, एक बाबांचं आणि एक स्वतःचं. मग ऐनवेळी मला म्हणाली, आई, तूच जा. बाबांच्या शेजारी तूच हवीस.

मला धाकधूक एकाच गोष्टीची होती. ज्या आवाजावर ह्या माणसाने चाळीस वर्षं जीव टाकला, तो समोर असून कानावर आला नाही तर हे काय करतील? घरात माझ्यावर ढकलता येत होतं, तिथे कुणावर ढकलणार? मी ती मशीनची डबी पर्समध्ये टाकली. माळशेज उतरताना हे गाडीच्या खिडकीवर बोटांनी ताल धरून बसले होते आणि मी ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते.

त्या संध्याकाळचं मला आजही नीट, ओळीने काही आठवत नाही. तुकडे आठवतात. एवढं मोठं स्टेडियम मी कधी पाहिलं नव्हतं. ऊन कलत होतं आणि समोरच्या बाजूची माणसं हळूहळू रंगाच्या ठिपक्यांसारखी पुसट होत चालली होती. आमच्या वयाची जोडपी होती, काळे टी-शर्ट घातलेली पोट सुटलेली माणसं होती. कुणीतरी मला 'आजी, या' म्हणत पायऱ्यांवर हात दिला. मला दुसऱ्याच्याच स्वप्नात चुकून शिरल्यासारखं वाटत होतं. मग दिवे गेले, लोकांचा एक लांब हुंकार उठला आणि पहिला ठोका पडला. तो मला कानांत नाही, पोटात ऐकू आला.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पुढच्या लोखंडी कठड्यावर दोन्ही तळवे टेकले होते. कठडा थरथरत होता. खालचे, जाड आवाज ह्यांना अजून ऐकू येतात, आणि जे येत नव्हते ते बहुतेक हाडांतून येत असावेत. चेहरा असा उजळला होता की मला लग्नाआधी बघायला आलेला मुलगा आठवला. निळा प्रकाश आमच्यावरून सरकत जायचा, मग लाल. एकामागून एक गाणी चालली होती आणि दर वेळी तेच मला आधी ओठांनी सांगायचे, हे अमकं, हे तमकं. किती वेळ गेला कळलं नाही. मला वाटलं, सुटलो.

मग ढोल थांबले. मधोमध एक उंच स्टूल आणून ठेवलं, त्यावर एक म्हातारा गिटार घेऊन बसला आणि गाणाऱ्याने माईक हातात घेतला. एवढी माणसं एकदम गप्प झाली. पहिल्या दोन तारांतच मी गाणं ओळखलं. हे मात्र इकडेतिकडे बघत होते.

"थांबले का गं?" ह्यांनी विचारलं. त्या शांततेत ते फार मोठ्याने आलं. कठड्याखालच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या.

 मी पर्स उघडली आणि डबी तळहातावर ठेवून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी डबीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग वळणाऱ्या लोकांकडे. ह्यांच्या डोळ्यांत मी आयुष्यात पहिल्यांदा भीती बघितली. मला तिथून त्यांना उचलून घरी न्यावंसं वाटलं.

तेवढ्यात वरच्या मोठ्या पडद्यावर गाणाऱ्याचा चेहरा आला. सुरकुतलेला, घामेजलेला, आणि तोंड आमच्या घराच्या दाराएवढं. ह्यांनी मान वर केली आणि ते तोंड बघत राहिले. थोड्या वेळाने ह्यांचे ओठ हलायला लागले. शब्द न शब्द त्या माणसाच्या बरोबरीने. मला रडू आलं, आणि अंधार होता म्हणून मी ते आवरलं नाही.

शेवटाकडे आवाज वर चढला. अगदी कॅसेटमधल्यासारखा. सगळं स्टेडियम ओरडून उठलं. मी ह्यांचा दंड धरला, त्यांना माझ्याकडे वळवलं आणि ओठांनी सांगितलं, गाठला बघा त्याने सूर.

ह्यांनी मान हलवली, नाही म्हणून. "त्यानं न्हाई. त्याचं तोंड मिटलेलं हाय. मागं कुनीतरी गातंय."

मी नीट बघितलं. मागे, दिव्यांच्या कडेला, काळ्या कपड्यांतली एक मुलगी माईकपाशी उभी होती. सूर तिचा होता. गाणाऱ्याने आपला माईक छातीशी धरला होता आणि तो तिच्याकडे बघत हसत होता. त्याने काहीच लपवलेलं नव्हतं. सगळे ऐकण्यात गुंग होते, म्हणून कुणी बघितलं नव्हतं इतकंच. गाणं संपल्यावर त्याने हात करून ती मुलगी लोकांना दाखवली आणि तिच्यापुढे वाकला.

मला वाटलं, ह्यांचा हिरमोड झाला. ह्यांनी कठड्यावरचे हात काढले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "त्याचाबी गळा गेला की गं. पन लाजला न्हाई बघ."

पुढची गाणी झाली, आम्ही मुलीकडे जाऊन झोपलो.  डबी परत माझ्या पर्समध्येच गेली होती.

दुसऱ्या दिवशी घरी परतताना टाकळी ढोकेश्वरला चहाला थांबलो. हॉटेलवाला स्टोव्हकडे तोंड करून चहा उकळत होता. तसाच पाठमोरा राहून त्याने विचारलं, साखर कमी टाकू का? हे आता मान हलवणार आणि मग गोड चहा पिऊन दिवसभर कुरकुरणार, म्हणून सवयीने मीच उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझं उघडलेलं तोंड बघून ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"दादा," हे म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई. जरा हिकडं तोंड करून बोला."

माणूस वळला. त्याने पुन्हा, सावकाश विचारलं. हे म्हणाले, कमीच टाका. एवढंच झालं. शेजारच्या बाकावरच्या कुणी मानही वर केली नाही.

चहा आला तशी मी मात्र बशी खाली ठेवली आणि रडायला लागले. हे घाबरले, काय झालं विचारायला लागले. मग मी त्यांच्याकडे तोंड केलं आणि सांगितलं. इतकी वर्षं ह्यांच्या त्या मान हलवण्याने मला किती एकटं पाडलं, किती गोष्टी मी भिंतीला सांगितल्या, सगळं. चहा निवला. ह्यांनी एकदाही मान हलवली नाही. जिथे कळलं नाही तिथे मला थांबवलं आणि म्हणाले, परत सांग.