तळ्याकाठी अडवलेला चेंडू

चहा येईपर्यंत सांगून टाकतो. एकदा चहा आला की तुम्ही हसाल, कप सांडतील आणि बोल मला लागेल. आता कुठल्या तोंडानं सांगू, पण सांगतो! माणसाचं नाक कापलं जातं ते बहुतेक जिभेमुळं. माझं कापलं गेलं पायामुळं. तेही गोल्फच्या मैदानावर. हो हो, गोल्फच म्हणालो मी.

तुम्ही म्हणाल, उचगावात हार्डवेअरचं दुकान चालवणारा माणूस गोल्फच्या मैदानात कशाला तडमडला? भाचीपायी, दुसरं काय! माझ्या ताईची मुलगी सई, वय वर्षं सोळा. शाळेत असताना कुणीतरी हिच्या हातात ती गोल्फची काठी दिली आणि हिनं असा टोला हाणला की म्हणे चेंडू अजून सापडलेला नाही. तेव्हापासून पोरगी पहाटे उठून सराव करते. आमच्या घरात त्या खेळातलं कुणाला काही कळत नाही, पण अभिमान असा की विचारू नका. गिऱ्हाईक खिळे मागायला आलं तरी मी आधी सईचा फोटो दाखवतो आणि मग खिळे.

तर फायनल आपल्याच कोल्हापुरात होती. समोर पुण्याची पोरगी. जिंकेल ती राज्याच्या संघात जाणार, हरणारी घरी. चार वर्षांच्या पहाटा त्या एका सकाळीवर येऊन थांबल्या होत्या. आणि नेमकी ताईला शाळेत परीक्षेची ड्यूटी, दाजी दौऱ्यावर. मग पोरीबरोबर कोण जाणार? मामा!

सईचा चेहरा असा पडला की बस्स.

“आई, मामाला नगं की गं.”

“का? मी काय वाघ हाय व्हय?” मी म्हणालो.

“वाघ परवडला, मामा. त्यो एकदा डरकाळी फोडतो आन् गप बसतो.”

पोरीचं चूक नव्हतं. मी तयार झालो ते फुटबॉलच्या मैदानात. आठ वर्षं पेठेच्या टीमचा गोलकीपर आणि त्यानंतर पंचवीस वर्षं गॅलरीत. आपल्याकडं मॅच डोळ्यांनी कोण बघतं? तोंडानं बघतात! रेफरीच्या सात पिढ्यांची विचारपूस झाल्याशिवाय हाफटाइम होत नाही. पण मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, की माझ्यामुळं तुला काडीचा त्रास होणार नाही.

गाडीत बसल्यावर तिनं नियम सांगायला सुरुवात केली.

“फोन बंद. कोण मारायला उभारलं की हलायचं न्हाय. बोलायचं न्हाय. खोकायचं न्हाय.”

“श्वास घेतला तर चालंल न्हवं?”

“हळू घे. आन् समोरचीचा फटका भारी बसला तर टाळी वाजवायची.”

गाडी डिव्हायडरवर चढता चढता राहिली. “तिच्यासाठी? टाळी? आपण?”

“व्हय. आन् तिचा चुकला तर अजिबात वाजवायची न्हाय.”

सांगा, असला कुठं खेळ असतो का? ज्याचा आनंद होतो त्याला गप्प बसायचं आणि पोटात दुखतं तेव्हा टाळ्या!

मैदानावर पोचलो. शे-दीडशे माणसं, पण शांतता अशी की मला वाटलं आपण कुणाच्या तरी दिवसकार्याला आलोय. माझ्या शेजारी एक निळी टोपी घातलेले गृहस्थ उभे होते. मी आपला सवयीनं म्हणालो, “काय पावणं, कुठलं?” त्यांनी हसून ओठावर बोट ठेवलं. दोन होल झाल्यावर कळलं, हे त्या पुण्याच्या पोरीचे वडील.

आणि माणूस इतका चांगला की माझी पंचाईत झाली! सईचा फटका बसला की हे मनापासून टाळ्या वाजवायचे. “छान खेळते हो तुमची भाची!” मग मलाही त्यांच्या पोरीसाठी वाजवाव्या लागल्या. वाजवल्या. दोन बोटांनी.

खेळ तसा सोपा असतो. दोघींचीच लढत. प्रत्येक झेंड्यापाशी एक होल, कमी फटक्यात चेंडू घालेल तिचा तो होल. असे अठरा. पहिल्यापासून पुण्याची पोरगी एका होलनं पुढं. सई काही तिला गाठेना, ती काही सुटेना. पहिल्यानंतरचे पंधरा होल तर सगळे बरोबरीतच गेले. मी सोळा होल तोंड मिटून होतो. जबडा दुखायला लागला होता, देवाशपथ.

सतराव्याला सईनं लांबून चेंडू सरकवला आणि तो गेला की थेट आत! काय पोरगी! माझ्या तोंडातून शिट्टी सुटली. साधी नाही हो, गॅलरीतली शिट्टी. पलीकडच्या रस्त्यावर एका रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवली.

पुण्याच्या पोरीचा फटका अजून बाकी होता. तो नेमका हुकला. होल सईचा, आणि लढत बरोबरीत.

रेफरी माझ्यापाशी आला. “परत आवाज आला तर तुम्हाला बाहेर जावं लागेल.” निळ्या टोपीवाल्यांनी तरीही सईसाठी टाळी वाजवली, तेच जास्त लागलं. आणि सई आली, दात-ओठ खात.

“मामा, तू आता हितं थांबू नगंस. त्या शेवटच्या झेंड्यापलीकडं तळं हाय, तितं जाऊन उभा रा. माझ्या नजरंला दिसू नगंस.”

मी मान खाली घालून तळ्याकाठी गेलो. एकटाच. बाकीचे सगळे तिकडं, जिथून मारायचं तिथं.

शेवटचा होल. एका फटक्यात तळ्याअलीकडच्या हिरवळीवर पोचायचं. लांबून दोघी सारख्याच दिसत होत्या. पांढरी टोपी, मागं शेपटी. आतापर्यंतच्या प्रत्येक होलला पुण्याची पोरगी आधी मारत आली होती, म्हणजे आताही तीच आधी. बरोबर की नाही?

पहिला चेंडू आला आणि झेंड्यापासून पंधरा पावलांवर अलगद बसला. मेलो! हिचा बसला की!

दुसरा चेंडू आला. जोरात. हिरवळीवर पडला, उसळला आणि उतारावरनं सरळ तळ्याकडं निघाला. माझ्या बाजूनं! सईच्या चार वर्षांच्या पहाटा माझ्या डोळ्यादेखत पाण्यात चालल्या होत्या. तुम्ही काय केलं असतं? शपथ आठवली असती? मला नाही आठवली. आठ वर्षांचा गोलकीपर जागा झाला, डावा पाय आडवा पडला आणि चेंडू थांबला. पाण्यापासून दोन हात अलीकडं!

काय अडवला म्हणून सांगू! फुटबॉल असता तर लोकांनी खांद्यावर घेतलं असतं.

तेवढ्यात रेफरी छोट्या गाडीतनं आला. “चेंडू तुमच्या पायाला चुकून लागला, की तुम्ही मुद्दाम अडवला?”

आता मुद्दाम म्हणालो तर सई बदनाम होणार, मामानं लबाडी केली म्हणून. मी डावा पाय उचलला, धरला आणि असा विव्हळलो की रेफरी दोन पावलं मागं सरकला.

“चुकून साहेब! आई गं! लक्षच न्हवतं माझं. घोट्यावर बसला बघा!”

“बरं. चुकून लागला असेल तर चेंडू आहे तिथूनच खेळायचा. मुद्दाम अडवला असता, तर तो तळ्यात गेला असं धरून एक फटका दंड पडला असता.”

वाचलो! एका खोट्यात पोरीचा एक फटका वाचवला! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो आणि बाहेरून लंगडत होतो.

माणसं जवळ आली. निळ्या टोपीवाले पळत पळत आले, बॅगेतून दुखण्यावरचा स्प्रे काढला, गुडघ्यावर बसले आणि माझ्या धडधाकट घोट्यावर फवारला. “फार लागलं का हो? आमच्यामुळं तुम्हाला उगाच त्रास!”

आमच्यामुळं?

मी मान वर केली. पुण्याची पोरगी काठी घेऊन माझ्या पायाजवळच्या चेंडूपाशी येऊन उभी होती. आणि सई, माझी सई, तिकडं झेंड्याजवळच्या पहिल्या चेंडूपाशी.

“अहो, हिचा... हिचा आधी न्हवता व्हय?” मी विचारलं.

“छे हो,” निळ्या टोपीवाले समजावून म्हणाले, “जी होल जिंकते ती पुढच्याला आधी मारते. सतरावा तुमच्या सईनं जिंकला ना!”

म्हणजे? ज्या पोरीला हरवायचं तिचाच चेंडू मी पाण्यातून वाचवला होता! वर खोटं बोलून तिचा दंडही माफ करून घेतला होता!

मी पाय टेकला. “साहेब, थांबा! मी खोटं बोललो. मुद्दाम अडवला मी. चांगला बघून अडवला!”

रेफरीनं माझ्याकडं बघितलं. “मघाशी चुकून म्हणालात.”

“ते खोटं हुतं. आता बोलतोय ते खरं हाय.”

“ही मुलगी तुमची कोण?”

“भाची.”

“अस्सं!” रेफरी म्हणाला. त्या एका ‘अस्सं’मध्ये माझी सगळी अब्रू गेली. गर्दीतून कुणीतरी खुदकन हसलं. निळ्या टोपीवाले माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाले, “राहू द्या साहेब. मामाचं मन आहे. भाचीसाठी माणूस एवढं बोलणारच.”

ऐकलंत? खोटं बोललो तेव्हा अख्ख्या मैदानानं विश्वास ठेवला. खरं बोलायला लागलो तर एकाचाही नाही! आणि मला वाटलं होतं ती सई, म्हणून अडवला, हे तरी कसं सांगू? सांगितलं असतं तर पोरीच्या नावाला बट्टा.

रेफरीनं सईला विचारलं, “तुझं काही म्हणणं आहे?”

सईनं माझ्याकडं बघितलं. लहानपणापासून माझ्या खोट्याचा चेहरा ती ओळखते, आणि खऱ्याचाही. तिला सगळं कळलं होतं. “न्हाय सर,” ती म्हणाली, “हाय तिथनंच खेळू द्या तिला.”

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. खरं सांगतो, इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

पुण्याच्या पोरीनं तिथून काठीनं चेंडू असा उचलला की तो जाऊन होलच्या तोंडाशी वीतभर अंतरावर थांबला, म्हणजे पुढच्या फटक्यात आत गेल्यातच जमा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, या खेपेला पाची बोटांनी. कमाई माझीच होती ना!

आता सईला पंधरा पावलांवरून एका फटक्यात घालायचा होता. गेला तर जिंकली. नाही गेला तर पुन्हा बरोबरी, पुन्हा पुढचा होल. ती वाकली. मी श्वास घेतला नाही, हळूसुद्धा नाही. चेंडू निघाला, वाकडा वाटला, मग सरळ झाला, कडेवर जरा रेंगाळला आणि...

गेला!

मी उडी मारली! दोन्ही पायांवर! मग धावत हिरवळीवर गेलो, सईला उचललं, गर्रकन दोनदा फिरवलं. खाली ठेवलं तेव्हा लक्षात आलं की मैदान पुन्हा गप्प झालंय. निळ्या टोपीवाले हातात स्प्रे धरून माझ्या पायाकडं बघत होते.

“अहो,” ते हळूच म्हणाले, “घोटा?”



बक्षीस द्यायच्या वेळी एका पाहुण्यांनी सईच्या हातात माइक दिला. “सगळ्यात अवघड काय गेलं, बाळ?”

सई म्हणाली, “शेवटचा होल, सर. तितं मी दोघांच्या विरुद्ध खेळत हुतो. एक ही पुण्याची. आन् दुसरा, त्यो बघा तिकडं मागं लपलाय, माझा सख्खा मामा.”

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. आता घोटा तरी दुखतोय असं दाखवावं म्हणून मी घाईघाईनं पुन्हा लंगडायला लागलो.

उजव्या पायानं.