पुलावर उभा माणूस

सुप्याच्या कारखान्यातून सुटणारा एक चाळिशीतला कामगार रोज नगरच्या एसटीत माझ्या शेजारी बसायचा. डब्याच्या पिशवीतून हातात धरून खेळायचा छोटा कॉम्प्युटर काढायचा, पडदा बाहीने पुसायचा आणि मोबाईलचं नेट जोडायचा. पडद्यावर रोज एकच सूचना यायची : हा गेम लिनक्सवर चालणार नाही.

"काका, पोरांचं खेळणं कशाला घेतलं?" कंडक्टर विचारायचा. तो तिकिटाचे पैसे पुढे करायचा.

मला त्याने एकदा सांगितलं. घटस्फोटानंतर मुलगी आईकडे पुण्यात असते. फोनवर बोलू देत नाहीत. संध्याकाळी दोघं आपापल्या यंत्रावरून या ऑनलाइन गेममधल्या एका पुलावर भेटायचे, मासे धरायचे. मग गेमचं अपडेट आलं आणि विंडोजऐवजी लिनक्स प्रणालीवर चालणारी त्याच्यासारख्यांची यंत्रं गेममधून बाहेर पडली.

"तिला काय ठावं लिनक्स अन् विंडोज? तिला वाटत असंल, बाप हितनंबी गेला."

शेवटी त्याने विंडोज टाकून घेतलं. यंत्र तापायचं, पंखा घरघरायचा, पण गेम उघडला. पूल मीही पाहिला. गेममधला त्याचा माणूस गळ टाकून उभा होता. शेजारी कोणी नव्हतं. त्यानंतरही रोज कोणी नसायचं.

"काका, उतरा! का तिथंच राहायचं?" नगर आलं की कंडक्टर ओरडायचा.

तो यंत्र चालूच ठेवून पिशवीत घालायचा. बंद का करत नाही, असं मी विचारलं.

"बंद केलं की माझा माणूस पुलावरनं जातो, साहेब. चार्जिंग हाय तवर ऱ्हाऊ द्या उभा."