बुधवारचे प्रश्न

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी एकटीच बाई. दुपारी सगळे पुरुष कँटीनला जायचे आणि मी चुनखडी भाजायच्या छोट्या भट्टीशेजारी डबा उघडायचे. एका दूरच्या विद्यापीठात पीएच.डी.साठी माझं नाव होतं, पण माझे गाइड पानं न वाचताच सही करायचे. घरी आई विचारायची, "संपलं का वं तुझं ते?" लग्नाबद्दल मात्र सेक्टर दहातलं घर न् घर चौकशी करायचं. कामाबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे.

ऐंशीच्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या एका विद्यापीठातला तरुण प्राध्यापक आमच्याकडे आला. सरकारी करारातून त्याला आमच्या प्रयोगशाळेत संशोधनासाठी पाठवलं होतं. चुनखडी कशी भाजली म्हणजे तिचा चुना पोलादातली घाण पटकन ओढून घेतो, हा त्याचा विषय. पदवी मात्र त्याला स्वतःच्याच विद्यापीठाची हवी होती. त्याच्या विभागात डॉक्टरेट झालेला एकही माणूस नव्हता. जे बाहेर शिकायला गेले, ते तिकडेच रमले.

"यंत्रं आम्हाला देणगीत मिळतात," तो इंग्रजीत म्हणाला. "ती खोक्यात पडून राहतात, त्याचं एवढं काही नाही. पण 'हे चुकतंय' असं तोंडावर सांगणारं कोणी नाही."

मग त्यानंच ठरवलं. दर बुधवारी डबा खाऊन झाला की एकानं आपलं काम मांडायचं आणि दुसऱ्यानं ते सोलून काढायचं. ही सवय त्याला घरी न्यायची होती. पहिल्याच बुधवारी त्यानं माझ्या एका आलेखावर इतके प्रश्न विचारले की माझं डोकंच फिरलं. घरी जाऊन आईपुढे मी त्याचा यथेच्छ उद्धार केला. दुसऱ्या दिवसापासून पुढच्या बुधवारची वाट बघायला लागले.

पुढे आईनं त्याला जेवायला बोलावलं. पिठलं-भात त्यानं दोनदा मागून घेतला. "बाकीचं मले नाही समजत," आई म्हणाली, "पन जेवते मस्त." शेजारपाजारी कुजबुज झाली, ती मी कानाआड केली. तो मला आवडत होता. त्याच्या मनात काय होतं ते मी कधी विचारलं नाही, आणि त्यानंही कधी काही सुचवलं नाही.

त्याचा प्रबंध पूर्ण होत आला. परत जाऊन परीक्षकांसमोर बसायचं होतं, म्हणून एका बुधवारी त्यानं मलाच परीक्षक केलं. "दया नको," म्हणाला. तो बोलत होता आणि मी टेबलावरच्या दगडांकडे बघत होते. सगळे इथलेच, जवळच्या अहिवाऱ्याकडच्या खाणीतले. त्याच्या देशातल्या चुनखडीत वाळूचा अंश बराच जास्त असतो, हे त्यानंच मला सांगितलं होतं. म्हणजे भाजण्याचं हे सगळं गणित तिकडे चालेल कशावरून?

प्रश्न सुचला तेव्हा आधी वाईट वाटलं. त्याची मेहनत मी डोळ्यांनी पाहिली होती. आणि पाठोपाठ, लाज वाटावी इतका आनंद झाला. तिकडचा दगड मागवायचा, सगळे प्रयोग पुन्हा करायचे, म्हणजे स्वारी आता वर्षभर तरी हलत नाही.

मी विचारलं. त्यानं टेबलावरचा एक दगड उचलून उलटसुलट पाहिला. मग म्हणाला, "बरोबर आहे. एवढं कसं दिसलं नाही मला?"

दोन-तीन दिवसांनी तो सांगत आला. मुदत वाढवून मागण्याऐवजी त्यानं लवकर जायची परवानगी मागितली होती.

"अहो, पण प्रयोग?"

"तिकडेच करणार. इथं केले तर काम माझ्या एकट्याचं होईल, आणि माझ्यानंतरच्या प्रत्येकाला एवढ्यासाठी भिलाई गाठावी लागेल. तिकडे भट्टी लावली तर चार मुलं शिकतील. पदवी उशिरा मिळाली तरी चालेल."

मी हो म्हणाले. अभिमानही वाटला. मग प्रयोगाची भांडी धुवायच्या निमित्तानं नळावर जाऊन रडले.

तो गेला त्या दिवशी आई म्हणाली, "कावून इचारलं वं तू त्याले ते? गप राहाले काय होत होतं तुले?"

"आई, मी नसतं विचारलं तर परीक्षकांनी विचारलं असतं."

"त्याईनं इचारलं असतं तवा इचारलं असतं!" ती म्हणाली आणि माझ्या ताटात न मागता भात वाढला.

तिकडे त्याला पदवी मिळाली, त्याच्या हाताखाली मुलंही डॉक्टर झाली, असं पुढे कानावर आलं. माझी तोंडी परीक्षा झाली तेव्हा परीक्षकांनी माझी परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं, समोसे खाल्ले आणि अभिनंदन केलं. मी डॉक्टर झाले. आईनं सेक्टरभर पेढे वाटले.

तो प्रश्न विचारायला नको होता, असं मला आजवर एकदाही वाटलेलं नाही. तो राहायला हवा होता, असं मात्र दर बुधवारी वाटत राहिलं.