बंद गिरणीचा पगार
लाकडाला नुकतं पॉलिश केल्याचा वास आला की मला इंडियानातलं, नदीकाठचं एक लहानसं म्युझियम आठवतं. २००२चा फेब्रुवारी होता. नवऱ्याला कंपनीने नोटीस दिली होती. महिनाअखेर नोकरी गेली की व्हिसाही जाणार होता आणि मला सातवा महिना लागला होता. त्या दिवशी शेवटचा इंटरव्ह्यूही फुकट गेला. शिकागोजवळच्या नेपरव्हिलला, घरी परतताना माझे पाय फार आखडले, म्हणून आम्ही त्या गावात थांबलो. बाहेर बर्फाचा चिखल होता, आत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. तिथल्या म्हाताऱ्या गाइडबाई सांगू लागल्या, की पावणेदोनशे वर्षांपूर्वी वेल्सच्या एका गिरणीमालकाने हे गाव विकत घेतलं, सगळ्यांनी इथे समान राहावं म्हणून. त्याआधी स्कॉटलंडमध्ये असताना एकदा कापूस मिळेना, तेव्हा त्याने गिरणी चार महिने बंद ठेवली, पण कामगारांना पूर्ण पगार दिला. "काम नसताना?" असं म्हणत नवरा मटकन बाकावर बसला आणि हुंदके देऊन रडू लागला. "त्याची नोकरी जातेय," मी बाईंना कसंबसं सांगितलं. त्या त्याच्याशेजारी बसल्या, त्याचा हात हातात घेतला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "मग या गावाचं काय झालं?" "दोन-तीन वर्षांत मोडलं. मालक परत गेला. माझे पूर्वज राहिले, कारण त्यांना जायला दुसरी जागाच नव्हती." आम्हाला राहण्याचीही मुभा नव्हती, पंधरा दिवसांत गाडी विकून आम्ही पुण्याला आलो. पुढे सगळं मार्गी लागलं. पण त्या दिवशी एका परक्या बाईचा हात धरून तो जसा रडला, तसा माझ्यापाशी आजवर कधीच रडलेला नाही.