शैलाची वाकडी सुपं

फोन आला तेव्हा मी ओट्याशी उभी राहून तांदूळ पाखडत होते. शैलाची मुलगी अनघा एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली गं... झोपेतच." हातातलं सूप शैलानंच दिलेलं, डाव्या कोपऱ्यात कललेलं. दर वेळी त्यातून थोडे दाणे सांडतात आणि दर वेळी मी शैलाला चार शब्द सुनावते. त्या दिवशी दाणे वेचायला खाली बसले आणि तिथेच रडले.

मुलुंडच्या एका शाळेत ती चित्रकला शिकवायची, मी गणित. निवृत्तीनंतर मी गुडघे सांभाळत बसले आणि हिनं कॅमेरा घेतला. "हातानं कामं करणारी माणसं संपत चाललीत गं, कुणीतरी टिपून ठेवायला हवं," म्हणायची, आणि मलाही शहापूरच्या पुढच्या पाड्यांवर ओढत न्यायची. तिथेच जानूबाबा भेटले. बांबूची सुपं विणणारं त्या पाड्यावर दुसरं कुणी उरलं नव्हतं. मुलगा टेम्पो चालवायचा, त्याला यात काडीचा रस नव्हता. बाबांच्या मागे हे काम कोण करणार, याची काळजी त्यांच्यापेक्षा शैलालाच जास्त.

पण गप्प बसणं शैलाला जन्मात जमलं नाही. बाबांचे हात भराभर चालायचे, आणि कोपरा दुमडायची वेळ आली की ही कॅमेऱ्यामागून ओरडायची, "थांबा, थांबा बाबा! हे परत दाखवा!" बांबूच्या कामट्या ओल्या असतात तोवरच वळतात. बाबा भिडस्त, ते थांबायचे. तेवढ्यात कामट्या सुकून ताठ व्हायच्या आणि कोपरा कलायचा.

"बाई, तुमच्यापायी सूप बिघडलं माझं. आता हे कोण घेणार बाजारात?"

"मी घेते ना!"

अशा सुपांनी तिचं नाहूरचं घर भरलं, मग आम्हा मैत्रिणींची भरली. "अगं, एखादं सरळ आण की," मी वैतागून म्हणायचे. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "सरळ सूप कुठेही खपतं. वाकड्याला माणसं लागतात."

पुढे जानूबाबा गेले. शैला कितीतरी दिवस कॅमेऱ्याला शिवली नाही. वर्षाच्या आत बाबांच्या मुलाचं लग्न झालं आणि मंगल सून म्हणून घरात आली. बाबांच्या हातचं एकही सूप तोवर घरात उरलं नव्हतं. एक दिवस तिनंच फोन केला, "बाई, सासऱ्यांचं काम बघायला मिळेल का? मला शिकायचंय." शैला अक्षरशः नाचली. सगळे व्हिडिओ तिनं मंगलच्या मोबाइलवर पाठवले. मग रोज चौकशी... झालं का गं? "झालं की आणून दाखवते बाई," मंगल लाजून म्हणायची. ते पाहायचं शैलाच्या नशिबात नव्हतं. मला याचंच फार वाईट वाटतं.

तेराव्याला मंगल नाहूरला आली. पिशवीतून सूप काढून तिनं शैलाच्या फोटोपुढे ठेवलं. घट्ट, नेटकी वीण. आणि डावा कोपरा कललेला!

"मंगल, हा कोपरा गं...?" मी विचारलं.

"तसाच असतो ना? बाईंनी थांबा म्हटलं की बाबा थांबायचे. मीपण तिथंच थांबले."

अनघा फोटोकडे बघून हसायला लागली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. मी मंगलला जवळ घेतलं. "बाबांची सुपं सरळच असायची, बाळ. आमच्या शैलाला गप्प बसवत नव्हतं, म्हणून हे असं. पुढचं विणताना तिचं मुळीच ऐकू नकोस. थांबू नकोस."

गेल्या आठवड्यात मंगलचं दुसरं सूप आलं. सरळ, देखणं, एक दाणा सांडणार नाही असं. बाबा असते तर सगळ्या पाड्याला दाखवत फिरले असते. ते मी स्वयंपाकघरात खुंटीला लावलंय. तांदूळ मात्र अजून शैलाच्याच सुपात पाखडते. दाणे सांडतात, मी खाली बसून वेचते, आणि तिला चार शब्द सुनावते.