खंडेनवमीला खरवडलेलं स्टिकर

शहागडला बसथांब्याच्या पुढे, ट्रकवाल्यांच्या हॉटेलांची रांग संपते तिथे लतीफचं दुकान. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘लतीफ साऊंड सर्व्हिस’ आणि त्याखाली, नंतर कधीतरी दुसऱ्या रंगानं घुसवलेलं, ‘व कम्प्यूटर दुरुस्ती’. दुकानात एका बाजूला कर्णे आणि अँप्लिफायर, दुसऱ्या बाजूला पोट उघडून ठेवलेली यंत्रं आणि मध्ये एक स्टूल. त्या स्टुलावर मी म्हातारपणाच्या कितीतरी दुपारी काढल्या.

गिऱ्हाइकानं लॅपटॉप पुढे ठेवला की लतीफ आधी तो पालथा करायचा. काय बिघडलं, हे नंतर. पालथ्या बाजूला विंडोजचं एक स्टिकर असतं, त्यावर मुंगीच्या पायांएवढ्या छपाईत पंचवीस अक्षर-आकड्यांचा नंबर. लतीफ भिंग लावून तो वाचायचा आणि लांबट वहीत उतरवून घ्यायचा. तारीख, मालकाचं नाव, नंबर. मग मान वर करून म्हणायचा, “हां, आता बोला. काय झालं?”

मला त्यानं एकदा समजावून सांगितलं होतं. “मास्तर, विंडोज म्हंजे यंत्राचा जीव. बनवली कंपनीनं. एका यंत्राला एक परवाना, अन् त्याची निशाणी म्हंजे हे स्टिकर. यंत्र जुनं घेतलं तरी परवाना त्याच्यासोबतच येतो. सगळं पुसून नव्यानं भरायची पाळी आली, तर ह्याच नंबरावर भरायचं. स्टिकर न्हाई, तर मंग नवा परवाना घ्या. फुकटचं मी भरत न्हाई.”

त्या वेळी आजूबाजूला एका चोरट्या सीडीवर अख्खा तालुका चालला होता. लोक त्याला हसायचे. “लतीफभाई, कंपनी काय अमेरिकेहून बघायला येऊन राह्यली का?”

“कंपनी कशाला येती?” तो म्हणायचा. “पण मी तर इथंच बसेल हाय ना.”

हा हट्ट त्याच्यात कुठून आला, ते मला ठाऊक होतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याची मला जास्त लाज वाटते.

मी भुजंग. एकेकाळी आमच्या तमाशाच्या फडात राजाची भूमिका करायचो. जरीचा अंगरखा, पत्र्याची तलवार, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या हातातली शेंग फुटायची थांबावी. लतीफ आमचा माईकवाला. तेव्हा विशीतला, बारीक, कमी बोलणारा. रंगमंचाच्या बाजूला अँप्लिफायरजवळ उकिडवा बसायचा आणि आमची सगळी वगनाट्यं त्याला आमच्यापेक्षा जास्त पाठ असायची. हौस म्हणून तो आमचे प्रयोग कॅसेटवर भरून ठेवायचा.

चौऱ्याऐंशी साली पिंपळगाव रेणुकाईच्या जत्रेत प्रयोग होता. चार हजार माणूस. दरबाराचा प्रवेश आला, मी तलवार उपसली, आणि पुढचं वाक्य गेलं. गेलं म्हणजे साफ गेलं. तोंड उघडं, डोक्यात नुसता पांढरा कापूस. एक क्षण, दोन क्षण. तिसऱ्या क्षणी माईक बंद पडला. कर्णे मुके झाले. लोक ओरडायला लागले, “ए माईकवाल्या! झोपला का रे?” शेंगांची टरफलं उडाली. लतीफ वायरी चाचपत राहिला. तेवढ्यात सोंगाड्यानं जवळ येऊन माझ्या कानात वाक्य सांगितलं आणि माईक सुरू झाला. प्रयोग पार पडला. नंतर फडमालकानं सगळ्यांदेखत लतीफच्या थोबाडीत मारली.

वायर त्यानंच काढली होती. काढताना मी पाहिलं होतं. मी बाजूला मुकुट हातात घेऊन उभा होतो आणि काही बोललो नाही. लतीफनंही कधी विषय काढला नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी आमच्याच वगाची कॅसेट दुसऱ्याच फडाचं नाव छापून जत्रेत विकायला आलेली आम्ही पाहिली. आवाज माझा, नाव भलत्याचं. त्या दुकानासमोर मी ढसाढसा रडलो. लतीफ शेजारी उभा होता. विंडोजच्या बाबतीत एकदा मी त्याला म्हणालो, “अरे, एवढं काय त्यात?” तर तो म्हणाला, “मास्तर, तुम्ही रडलते, ते मी बघितलं हाय.”

पुढे घरोघरी टीव्ही आला, फड बसला. मी शहागडला घरी आलो. लतीफनं औरंगाबादला जाऊन सहा महिने कम्प्यूटरचा कोर्स केला, आपल्या निम्म्या वयाच्या पोरांच्या बाकावर बसून.

दोन हजार आठ साली त्याच्याच डोक्यातून निघालं की त्या जुन्या कॅसेटी खराब होण्याआधी लॅपटॉपमध्ये भरून ठेवायच्या. चौदा उरल्या होत्या. जालन्याच्या एका बियाणं कंपनीनं जुने लॅपटॉप विकायला काढले होते, त्यातला एक तो माझ्यासाठी घेऊन आला. त्या यंत्रातून पहिल्यांदा माझा तरुण आवाज निघाला, तेव्हा माझी बायको द्वारकाबाई चुलीपाशी थबकली. “हा बाबा कुठं गेला होता इतके दिवस?” म्हणाली.

मग खंडेनवमी आली. आम्हा फडकऱ्यांचा हा मोठा दिवस. ज्याच्यावर पोट भरतं ते त्या दिवशी पुसून, हळदीकुंकू लावून मांडायचं. फड गेला तरी मी नेम सोडला नव्हता. ढोलकी, चाळ, पत्र्याची तलवार पाटावर आली. आता माझा आवाज लॅपटॉपात होता, तेव्हा लॅपटॉपही पाटावर आला. पुसायला म्हणून पालथा केला तर खाली दोन मळकी स्टिकरं. एकावर त्या बियाणं कंपनीचं नाव, दुसऱ्यावर काहीतरी बारीक इंग्रजी. लतीफ भिंग लावून वाचतो ते हेच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आमच्याकडे जुनं भांडं विकत घेतलं, तर त्याच्यावर कोरलेलं आधीच्या मालकाचं नाव घासून काढल्याशिवाय ते देवापुढे ठेवत नाहीत. दुसऱ्याच्या नावाची वस्तू पुजायची नाही. मी खोबरेल तेल लावलं, दाढीच्या पात्यानं दोन्ही स्टिकरं हळूहळू खरवडली, राख लावून जागा लख्ख केली आणि तिथे कुंकवाचं स्वस्तिक काढलं. काढताना मला कसली धन्यता वाटत होती!

दिवाळीनंतर भाच्यानं कुठलीतरी गाण्यांची सीडी त्यात घातली आणि लॅपटॉपनं मान टाकली. सुरूच होईना. मी तो पिशवीत घालून लतीफकडे गेलो.

दुकानात काकासाहेब बसले होते. कुंभार पिंपळगावची मुलींची शाळा त्यांच्या संस्थेची. शाळेसाठी दहा जुने लॅपटॉप घ्यायचे होते आणि ते काम लतीफला द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. चहा आला होता.

“या या, मास्तर!” काकासाहेब म्हणाले. “तुमचीच कमी होती. लतीफभाई, ह्यांचा राजा बघायला आम्ही बैलगाडीनं गेल्तो.”

मी फुगलो. लतीफनं लॅपटॉप घेतला आणि नेहमीप्रमाणे पालथा केला. त्याचा हात थांबला. त्यानं त्या लख्ख जागेवरून अंगठा फिरवून पाहिला. फिकट झालेलं स्वस्तिक अजून होतं.

“मास्तर, इथलं स्टिकर?”

त्याच क्षणी मला कळलं की मी काय केलं होतं. बोलायला हवं होतं, ‘अरे, मी खरवडलं, मला अक्कल नव्हती.’ एवढं सोपं वाक्य. पण समोर काकासाहेब होते, मला राजा म्हणणारे. त्यांच्यापुढे अडाणी ठरायचं? माझ्या छातीतून तो जुना आवाज निघाला.

“स्टिकर? कसलं स्टिकर? तू दिलास तेव्हापासून हा असाच आहे.”

काय शब्दफेक होती! एक अक्षर इकडेतिकडे नाही. उभ्या जन्मात इतकं सहज वाक्य मी बोललो नसेन.

काकासाहेबांनी कप खाली ठेवला. “म्हंजे? लतीफभाई, तुम्ही तर म्हणत होते, बिगर स्टिकरचा माल देतच न्हाई.”

लतीफ माझ्याकडे बघत होता. त्याच्या डाव्या हाताशी ती लांबट वही पडलेली होती. ती उघडली असती तर माझं नाव, लॅपटॉप मला दिल्याची तारीख आणि स्टिकरवरचा नंबर तिथेच होता. त्यानं वहीवर हात ठेवला आणि म्हणाला, “माझ्याकडूनच बघायचं राहिलं असंल, साहेब.”

“राहिलं कसं? उद्या शाळेत तपासणी आली तर मी काय सांगू?” काकासाहेब उठले. “बघतो मी. कळवतो.” त्यांची जीप अंबडच्या दिशेनं गेली. चहा अर्धाच राहिला होता.

मी स्टुलावर बसून होतो. लतीफनं लॅपटॉप पुढ्यात ओढला. त्यानं आधी माझ्या चौदा कॅसेटी दुसऱ्या यंत्रात काढून ठेवल्या, मग सगळं पुसलं, विंडोजची सीडी घातली. तासाभरानं वही उघडली. ‘भुजंगमास्तर, शहागड’ आणि पुढे पंचवीस अक्षरं, टपोऱ्या हस्ताक्षरात. एकेक अक्षरावर बोट ठेवत त्यानं ती टाकली. यंत्रानं कंपनीला फोन करायला सांगितलं. लतीफनं फोन लावला, लांबलचक आकडे वाचून दाखवले, आणि मग रिसीव्हर माझ्याकडे केला. “बाई विचारून राह्यली. मालक तुम्ही हाव, तुम्हीच सांगा.”

एक मुलगी हिंदीत बोलत होती. “सर, ये विंडोज आपने कितने कम्प्यूटर पे डाला है?”

“एक,” मी म्हणालो. त्या दुपारी मी खरा बोललेला तेवढा एकच शब्द.

लॅपटॉप पिशवीत घालून देताना लतीफनं नंबर लिहिलेली एक चिठ्ठी आत सरकवली. “नंबर मिळाला, काम झालं. पण स्टिकर म्हंजे पुरावा, तो गेला. कुणी विचारलं तर दाखवायला काही न्हाई. ही चिठ्ठी तेवढी पूजेत धुऊ नका.”

द्वारकाबाईला घरी सगळं सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं. “राजेपण संपून वीस वर्षं झाली,” ती म्हणाली, “पण मुकुट काही उतरंना तुमचा.”

दोन दिवसांनी मी कुंभार पिंपळगावला गेलो. खरंच गेलो. काकासाहेबांच्या ओसरीवर बसलो, चहा प्यायलो, तुरीला किती फुलोरा आला ते बोललो, आणि परत आलो. शब्द दातांपर्यंत यायचा आणि फिरायचा. पुढच्याच महिन्यात कळलं, दहा लॅपटॉप दुसऱ्या दुकानातून आले होते. त्याहून वाईट म्हणजे लतीफकडे येणारे लोक आता हसून विचारायला लागले, “काय लतीफभाई, तुमचं बी तसलंच निघालं म्हणं?” तो पालथा लॅपटॉप सरळ करायचा आणि काम चालू ठेवायचा.

जानेवारीत त्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. काकासाहेबांनी मला पाहुणा म्हणून बोलावलं. मंडपात गेलो तर अँप्लिफायरजवळ लतीफ उकिडवा. आवाजाला तो चालत होता, कम्प्यूटरला नाही.

माझी पाळी आली. मुलींना वाटलं, म्हातारा राजाची नक्कल करणार. मी माईक धरला आणि म्हणालो, “बायांनो, मी आज नक्कल करणार नाही. मी ह्या दिवाळीनंतर एक खोटं बोललो, ते सांगणार आहे. तुमचे काकासाहेब तिथं होते. लतीफनं मला दिलेल्या लॅपटॉपवर...”

माईक बंद पडला.

मंडपात खुसखुस झाली. मी बाजूला पाहिलं. लतीफ मान खाली घालून वायर चाचपत होता. अगदी तसाच, पिंपळगाव रेणुकाईच्या जत्रेतल्यासारखा. फक्त केस पांढरे. त्यानं मान जराशी हलवली. नको, मास्तर. राहू द्या.

मला चोवीस वर्षं मागची ती थोबाडीत ऐकू आली. मी माईक स्टँडवर ठेवला, दोन पावलं पुढे आलो आणि पोटातून आवाज काढला. माईक नव्हते तेव्हा आमच्या उस्तादांनी शिकवलेला.

“लॅपटॉपवर स्टिकर होतं! ते ह्या हातांनी खरवडलं! अडाणीपणानं! आणि काकासाहेबांपुढे मी लतीफला खोटं पाडलं. त्याच्या वहीत माझा नंबर लिहिलेला होता. त्यानं वही उघडली नाही.”

आवाज मध्येच फाटला. शेवटच्या रांगेपर्यंत पोचला की नाही, कोण जाणे. कुणी टाळी वाजवली नाही आणि वाजवायची गोष्टही नव्हती. काकासाहेब पहिल्या रांगेत हाताची घडी घालून जमिनीकडे बघत होते. मी खाली उतरलो. पुढे लेझीम सुरू झाली, माईक लगेच चालू झाला.

कार्यक्रम संपल्यावर मी लतीफजवळ गेलो. तो वायर गुंडाळत होता.

“कनेक्शन ढिलं होतं,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

“चौऱ्याऐंशीला पण ढिलंच होतं का रे?”

त्यानं वायरीचा पुढचा वेढा घेतला. काकासाहेब आमच्याकडे आले. त्यांनी माझ्याकडे पाठ केली, आणि ते बरोबरच होतं. मग लतीफला म्हणाले, “ती वही बघायला मिळंल का?”

“दुकानात या ना, साहेब. येताना तुमचे दहा लॅपटॉप बी घेऊन या. पालथे करून बघू.”

काकासाहेबांचा चेहरा पडला. बहुतेक त्यांना माहीत होतं, पालथे केल्यावर काय दिसणार ते. “येतो,” म्हणाले आणि गेले.

मैदान रिकामं झालं होतं. वायर लांबच लांब पसरली होती, पार मंडपाच्या दुसऱ्या खांबापर्यंत. मी तिकडे गेलो, तिचं टोक उचललं, आणि लतीफ गुंडाळत गेला तसा धरून त्याच्याकडे चालत आलो.