तिसऱ्या ओळीतली उतरण

रेकॉर्डिंगच्या त्या छोट्या खोलीत येणारे सगळे त्यांना बटणकाका म्हणत. तीस वर्षं त्यांनी आवाजांशीच संसार केला होता. घरीसुद्धा टीव्हीचा रिमोट त्यांच्याच हातात. जाहिरात लागली की आवाज खाली, कुणी पुटपुटलं की वर.

"मलाही एकदा खाली करून बघा ना," बायको म्हणायची.

"तुझं बटण तुझ्या माहेरीच राहिलंय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

त्या आठवड्यात एक नर्स आली. रविवारी ती वर्षभरासाठी परदेशी नोकरीला निघणार होती. दुपारी तिचं एक गाणं ऐकल्याशिवाय तिच्या आईचा डोळा लागत नसे. तेवढं गाणं रेकॉर्ड करून तिला वहिनीच्या फोनमध्ये ठेवून जायचं होतं. काचेपलीकडे उभी राहून तिने ते तीनदा म्हटलं. साथीला एकही वाद्य नाही.

तिचा आवाज कुठे अगदी कानाशी येई, तर कुठे खोलीबाहेर निघून जाई. फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर, त्यात डोक्यावर पंखा, हे ऐकू कसं जाणार? काकांनी कंप्रेसर चांगलाच आवळला. कंप्रेसरचं काम साधं : जो सूर डोकं वर काढेल त्याला दाबायचं, मग सगळ्यांनाच थोडं उचलायचं. गाणं इस्त्री केल्यासारखं झालं. शब्द न् शब्द स्वच्छ. काका खूश.

शुक्रवारी दुपारी नर्सचा फोन आला. "काका, आई विचारतेय, ही बाई कोण?"

"म्हणजे?"

"ओळखलंच नाही मला. वर म्हणते, हिला धाप लागलीय, आधी पाणी द्या हिला." ती हसली, मग म्हणाली, "झोपलीच नाही हो ती. अशी जागी टाकून मी जाऊ कशी?"

काकांनी गाणं पुन्हा लावलं आणि जीभ चावली. मोठे शब्द दबले होते, आणि मधले श्वास शब्दांच्या मांडीला मांडी लावून बसले होते.

त्यांनी कंप्रेसर सैल केला. एखादा सूर एकदम उसळला तर सावरण्यापुरताच ठेवला. बाकीचं काम हाताने. पडद्यावर आवाजाबरोबर धावणारी एक रेघ असते. शब्द बुडाला की ती वर ओढायची, श्वासापाशी खाली. एकेक शब्द करत ते दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीपाशी आले. शेवटचे तीन शब्द उतरले होते. काका ते उचलायला गेले आणि थांबले. सूर तर ढळला नव्हता. त्यांनी उरलेली दोन रेकॉर्डिंगं काढली. तिथेही तीच ओळ, तेच तीन शब्द. चूक असती तर एकदा झाली असती.

"उद्या सकाळी या," त्यांनी फोन केला. "रेकॉर्ड काही करायचं नाही. मला फक्त बघायचंय."

शनिवारी ती गायली, काका काचेतून बघत राहिले. तिसरी ओळ आली आणि तिची मान उजवीकडे, खाली वळली.

"तिकडे काय आहे?"

"कुठे?"

"तुम्ही वळून बघितलंत."

ती गोंधळली, मग लाजून हसली. "तिकडे आईची खाट असते. झोपली का बघते मी. डोळे मिटून पडलेली असते लबाड. मी वळले की म्हणते, जागी आहे गं. रोजचंच."

काकांनी ते तीन शब्द पुन्हा धरले. होते तसे ठेवले तर पंखा गिळणार, बाकी शब्दांच्या बरोबरीला आणले तर मान वळल्याचं कळणार नाही. त्यांनी गाणं फोनवर लावलं, खोलीतला पंखा सुरू केला आणि दारात उभे राहिले. आत येऊन रेघ केसभर वर. परत दारात. परत केसभर. शब्द ऐकू आले आणि तरीही वळलेले राहिले, तेव्हाच त्यांनी ते नर्सला पाठवलं आणि चहा मागवला.

दुपारी नर्सने फोन लावला. "मी स्वयंपाकघरात आहे. आईला वाटतंय, बाहेर गेलेय. ऐका."

लांबून गाणं येत होतं, बारीक, पंख्याच्या घरघरीतून. तिसरी ओळ आली, उतरली.

"जागी आहे गं," एक म्हातारा आवाज म्हणाला.

गाणं संपलं.

"झोपली वाटतं," नर्स कुजबुजली.

"थांबा, बोलू नका," काका म्हणाले, आणि त्या घरघरीत आणखी एक संथ श्वास सापडतो का, ते कान देऊन शोधू लागले.